तिरपा केला की चौरसाचा शंकरपाळा होतो

चौथीच्या वर्गात पुठ्ठ्याचा चौरस सरळ धरून 'हे काय?' विचारलं की सगळा वर्ग एका सुरात 'चौरस' म्हणतो. तोच पुठ्ठा एका कोपऱ्यावर उभा धरला की सूर फाटतो. काही मुलं गप्प होतात, काही म्हणतात, 'शंकरपाळा'. पुठ्ठा तोच, बाजू त्याच, कोपरे तेच. वळलं ते फक्त आपलं मनगट.

मुलं आकार तोंडवळ्यावरून ओळखतात. नेदरलँड्समधल्या पिएर व्हॅन हिले आणि डिना व्हॅन हिले-गेल्डोफ या शिक्षक जोडप्याने १९५७ मध्ये आपल्या प्रबंधांतून हेच मांडलं होतं: मूल आधी दिसण्यावरून ओळखतं, मग गुणधर्म सांगू लागतं, आणि त्यानंतर कुठे एका गुणधर्माचा दुसऱ्याशी संबंध लावतं. वय वाढलं म्हणून ही पायरी आपोआप चढली जात नाही. आकार हाताळावे लागतात, त्यांच्याबद्दल बोलावं लागतं, थोडं भांडावंही लागतं. फळ्यावर पाच आकृत्या काढून खाली नावं लिहिली आणि मुलांनी ती वहीत उतरवली, तर मूल पहिल्याच पायरीवर राहतं. शिवाय फळ्यावरचा त्रिकोण नेहमी बुडावर बसलेला असतो, त्यामुळे टोक खाली असलेला त्रिकोण मुलांना 'उलटा' वाटू लागतो.

म्हणून पुढच्या सगळ्या कृतींत नाव शेवटी येतं. आधी वेगळं करायचं, मग 'का वेगळं केलं?' याचं उत्तर द्यायचं, आणि उत्तर पक्कं झालं की नाव सांगायचं.

चोवीस आकारांची पिशवी

चार-पाच मुलांच्या गटाला एक संच पुरतो. पुठ्ठा म्हणून जुन्या लग्नपत्रिका सगळ्यांत चांगल्या. उन्हाळ्यानंतर गावात त्यांना तोटा नसतो. किराणा दुकानातल्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरून मऊ पडतो आणि कोपरे गोल होतात. कोपरा गोल झाला की त्या संचाचा उपयोग संपला.

संचात सात त्रिकोण ठेवा: ९ सेंमी बाजूचा समभुज, ३, १०, १० चा उंच निमुळता, ६, ६, १० चा बुटका पसरट, ६, ८, १० चा काटकोनी, काटकोनाच्या दोन्ही बाजू ७-७ असलेला, ७, ८, ९ चा, आणि ४, ८, ११ चा लांबुळका. हा शेवटचा फार महत्त्वाचा आहे, कारण तो मुलांना त्रिकोण वाटतच नाही.

चौकोन दहा: ४ आणि ८ सेंमीचे दोन चौरस, ५×९, २×१० आणि ७×८ असे तीन आयत, एक शंकरपाळा, म्हणजे समभुज चौकोन, एक समांतरभुज, एक समलंब (ज्याच्या समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर असते), धानाच्या बांधीसारखा एक वेडावाकडा, ज्याची कुठलीच बाजू कुणाशी जुळत नाही, आणि एक आत वळलेला, बाणाच्या टोकासारखा. शंकरपाळा आखत बसू नका. कागदाची उभी-आडवी घडी घालून चार पदर करा. बंद कोपऱ्यापासून एका कडेवर ३.५ सेंमी आणि दुसऱ्या कडेवर ६ सेंमीवर खूण करा, दोन्ही खुणा जोडून कापा आणि उलगडा. साधारण ७ सेंमी बाजूचा शंकरपाळा तयार. दोन्ही खुणा सारख्या अंतरावर घेतल्या तर उलगडून चौरस निघतो. ही गंमत मुलांसाठी राखून ठेवा, पाचवीच्या वर्गात कामी येते.

उरलेले सात: पंचकोन, षटकोन, वर्तुळ, लंबगोल, अर्धवर्तुळ आणि दोन फसवे. एक फसवा म्हणजे मुद्दाम कोपरे गोल केलेला त्रिकोण. दुसरा म्हणजे तीन बाजू सरळ आणि एक बाजू फुगलेला 'चौकोन'.

संच करताना दोन चुका हमखास होतात. पहिली रंगाची. त्रिकोण लाल, चौकोन निळे असे रंगवले की मुलं रंग बघून वेगळे करतात आणि शिक्षकाला वाटतं, वर्ग शिकला. सगळे एकाच रंगाचे ठेवा. दुसरी आकड्यांची. मागच्या बाजूला क्रमांक सरळ लिहिला की तीच त्या आकाराची 'सुलट' बाजू ठरते. क्रमांक टाकायचेच तर वाकडेतिकडे, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला ठेवून टाका. नाव तर कुठेच लिहू नका.

पहिल्या दिवशी काहीच सांगायचं नाही. 'यांच्या ढिगाऱ्या करा, कशाही करा, पण कोणत्या कारणानं केल्या ते सांगता आलं पाहिजे.' एखादा गट 'मोठे-लहान' करील, एखादा 'टोचणारे-न टोचणारे' करील. टोचणारे-न टोचणारे ही फार चांगली वर्गवारी आहे. कोपरा म्हणजे काय, हे मुलाने बोटाने ओळखलेलं असतं. तिला चूक म्हणू नका. मग दुसऱ्या गटाने पहिल्या गटाची ढिगारी बघून नियम ओळखायचा. हा ओळखण्याचा भाग वगळला तर उरतं ते नुसतं आवरून ठेवणं.

काटकोन तपासायला घडी

तिसरी-चौथीच्या मुलाला कोनमापक देण्याची घाई नको. वर्तमानपत्राचा कसाही फाटलेला तुकडा घ्या. एकदा घडी घाला. मग त्या घडीची कड स्वतःवरच बरोबर बसेल अशी दुसरी घडी घाला. जो कोपरा तयार होतो तो काटकोन. कागद कुठूनही फाटलेला असला तरी कोपरा काटकोनीच येतो, हे मुलांना दहा वेगवेगळ्या तुकड्यांवरून बघू द्या. घडी नखाने दाबली नाही किंवा कड पुरती जुळवली नाही तर कोपरा चुकतो. म्हणून प्रत्येकाने आपला कोपरा कंपासपेटीतल्या गुण्याशी एकदा ताडून घ्यायचा. हा घडीचा गुण्या खिशात राहतो आणि आठवडाभर टिकतो.

बाजू सारख्या आहेत का, हे तपासायलाही पट्टी नंतर. पट्टीवर मुलं शून्याऐवजी एकापासून मोजतात आणि ७×८ चा आयत कधी चौरस ठरतो, कधी नाही. सुतळीचा तुकडा एका बाजूला धरून नखाने खूण करायची आणि दुसऱ्या बाजूवर नेऊन बघायची. पुरेसं आहे.

रिंगणं, आणि मधली जागा

सगळ्या पाठांतला कस लागतो तो इथे. प्रत्येकी चार मीटरच्या दोन सुतळ्या घ्या, टोकं बांधून जमिनीवर दोन रिंगणं करा. प्रत्येक रिंगण साधारण सव्वा मीटर रुंद होतं, भोवती दहा-बारा मुलं आरामात बसतात. प्रत्येक रिंगणात एक चिठ्ठी. रिंगणं सुरुवातीला एकमेकांपासून दूर ठेवा. ती आधीच एकमेकांवर चढवून ठेवली तर मधली जागा कशासाठी, हे शिक्षकाला कळलेलं असतं, मुलांना नाही.

चौथी-पाचवीला फक्त दहा चौकोन द्या. एका चिठ्ठीवर 'सगळ्या बाजू सारख्या', दुसऱ्यावर 'सगळे कोपरे काटकोनी'. शंकरपाळा पहिल्यात जातो. तीन आयत दुसऱ्यात. ७×८ वाल्यावरून थोडी ओढाताण होते, सुतळी लावली की मिटते. मग कुणीतरी चौरस उचलतं आणि पहिल्या रिंगणात ठेवतं. दुसरं कुणी तो उचलून दुसऱ्यात ठेवतं.

'इकडं ठेव ना, बाजू सारख्या हायेत त्याच्या.'
'कोपरे पाय ना! काटकोनी हायेत. तिकडं कायले?'
'गुर्जी, हा तं दोन्हीकडं बसते.'

इथे शिक्षकाने तोंड बंद ठेवायचं. चौरस कापून दोन्हीकडे टाकायचा का, एक इकडे आणि एक तिकडे ठेवायचा का, सगळे उपाय पुढे येऊ द्या. दोन चौरस असल्यामुळे 'एक-एक वाटून टाका' हा तोडगा हमखास निघतो. तेव्हा एवढंच विचारा, 'या चौरसाचे कोपरे त्याच्यापेक्षा वेगळे आहेत का?' थोड्या वेळाने कुणीतरी सुतळी ओढतं आणि एक रिंगण दुसऱ्यावर चढतं. मध्ये दोन चौरस, एका कुशीत एक शंकरपाळा, दुसऱ्या कुशीत तीन आयत, आणि बाहेर चार जण: समांतरभुज, समलंब, बांधीसारखा आणि बाणाचं टोक. दहाच्या दहा मिळाले की चित्र वहीत काढून घ्या. दहा मिनिटं वाट बघूनही सुतळी कुणी ओढली नाही, तर 'रिंगणं हलवली तर चालतील का?' एवढा एकच इशारा द्या.

त्याच दिवशी 'चौरस हासुद्धा आयतच' हे वाक्य येतं, आणि तिथे आपली भाषा आडवी येते. 'आयत' या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी लांब, पसरलेला. त्यामुळे 'लांबट तो आयत' हे मुलाच्या डोक्यात नावासकट बसतं. यावर वाद घालण्यापेक्षा चिठ्ठीकडे बोट दाखवा. 'सगळे कोपरे काटकोनी' या रिंगणात बसतो तो आयत. चौरस त्यात बसतो की नाही? गोठ्यातला दाखला लगेच पटतो: प्रत्येक जर्सी गाय ही गायच, पण प्रत्येक गाय जर्सी नसते.

भाषा जिथे मदत करते तिथे तिचा पुरेपूर फायदा घ्या. भुजा म्हणजे बाजू, एवढं एकदा सांगितलं की समभुज, समद्विभुज, विषमभुज, समांतरभुज ही नावं स्वतःच आपला नियम सांगतात. मुलांनी नाव फोडून अर्थ काढायचा, पाठ करायचं नाही. समांतरभुज आणि समलंबची नावं प्राथमिकला लादायची मात्र गरज नाही, चौकोनाचे प्रकार आठवीत सविस्तर येतातच. तोवर 'बाहेरचे चौघे' म्हटलं तरी चालतं.

पहिली-दुसरीला हीच रिंगणं वेगळ्या चिठ्ठ्यांनी खेळता येतात: 'सरळ कड आहे' आणि 'वळणाची कड आहे'. इथेही मध्ये तिघं सापडतात, अर्धवर्तुळ आणि दोन्ही फसवे. दोनशिक्षकी शाळेत ही मोठीच सोय आहे. संच एकच, सुतळ्या त्याच, चिठ्ठ्या तेवढ्या बदलायच्या; चौथीचा एक गट तिसरीच्या ढिगाऱ्यांचा नियम ओळखायला बसवला की शिक्षकाला पहिलीकडे वळता येतं.

काड्यांचे आकार: कोणता डगमगतो?

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे हवा भरायच्या तोंडावरची बारीक रबरी नळी, यांतून आकार करण्याची कल्पना टाकाऊतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात असताना रुजवली. आपल्याकडे काडेपेटीऐवजी नारळाच्या खराट्याच्या काड्या घ्या, त्या लांब मिळतात. काडीचा जाड अर्धाच भाग वापरा. शेंड्याकडचा भाग वाकतो आणि बाजू सरळ राहत नाही. गटामागे ८, १२, १६ आणि २० सेंमीच्या प्रत्येकी चार काड्या. व्हॉल्व्ह ट्यूबचे २ सेंमीचे तुकडे पाडा, दोन्हीकडून काडी पाऊण सेंमी आत सरकवा. मध्ये जो अर्धा सेंमी मोकळा राहतो तिथून ट्यूब वळते. काड्या पूर्ण आत घालून एकमेकींना भिडवल्या तर सांधा वळतच नाही आणि मुलं जोर लावून ट्यूब फाडतात. ट्यूब सरकत नसेल तर काडीचं टोक पाण्यात बुडवा.

आधी तीन काड्यांचा त्रिकोण, मग चार सारख्या काड्यांचा चौरस. दोन्ही हातात धरून बाजूने दाबा. त्रिकोण हूं की चूं करत नाही. चौरस पडतो आणि त्याचा शंकरपाळा होतो. बाजू तेवढ्याच, पण कोपरे बदलले. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ठरल्या की कोन आपोआप ठरतात, म्हणून समभुज त्रिकोणाचे कोनही सारखेच. चौकोनाला हा नियम लागू नाही, म्हणून 'समभुज' एवढ्यावर चौरस ठरत नाही, कोपरे तपासावेच लागतात. रिंगणाच्या खेळात दोन चिठ्ठ्या का लागल्या, हे इथे हाताला कळतं. मग डगमगत्या चौरसाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना एक तिरपी काडी बांधून बघा आणि मुलांना गावात पाठवा: वावराच्या फाटकाला तिरपी पट्टी का ठोकलेली असते, टिनाच्या शेडची कैची, म्हणजे छत पेलणारा सांगाडा, त्रिकोणांचीच का असते? पट्टी निखळलेलं फाटक झुकून शंकरपाळा झालेलं एखादं तरी सापडतंच.

'कोणत्याही तीन काड्यांचा त्रिकोण होतो का?' हा प्रश्न मात्र ट्यूबशिवाय, काड्या जमिनीवर ठेवून सोडवा. चार वेगळ्या लांब्यांतून तीन वेगळ्या निवडायच्या चारच तऱ्हा आहेत. ८-१२-१६, ८-१६-२० आणि १२-१६-२० जमतात. ८-१२-२० जमत नाही, कारण ८ आणि १२ मिळून बरोबर २० होतात आणि दोन्ही काड्या लांब काडीवर आडव्या पडतात. ट्यूब लावली तर प्रत्येक बाजू अर्ध्या-पाऊण सेंमीने वाढते आणि हाच त्रिकोण चपटा का होईना पण जमून जातो. मुलं बरोबर ठरतात, गणित खोटं पडतं. १२-१६-२० चा कोपरा घडीच्या गुण्याने तपासा, काटकोन येतो. हा तीन-चार-पाचचाच हिशेब आहे, घराचा पाया आखताना गवंडी लावतो तोच.

मैदानावर हेच मोठं करायचं तर तुराट्या. तूर निघाली की जानेवारी-फेब्रुवारीत धुऱ्यावर हव्या तेवढ्या मिळतात. सरळ, अंगठ्याएवढ्या जाड निवडा, एक मीटरच्या कापा, टोकं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधा. सुतळीने करकचून बांधलं की चौरस डगमगत नाही आणि प्रयोगच फसतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, वापरू नका. वाकडी असते आणि फांद्यांची टोकं हाताला लागतात.

ठिपक्यांची रांगोळी

खिळ्यांची पाटी आणि रबर बँड चांगलेच, पण आपल्या उन्हात रबर आठवड्यात कुजतं आणि तुटताना डोळ्याकडे उडतं. ओट्यावर खडूने ठिपके काढा: आडवे तीन, उभे तीन, एकूण नऊ. प्रश्न एकच: ठिपके जोडून एकमेकांपेक्षा वेगळे किती त्रिकोण निघतात? फिरवून किंवा उलटून एकमेकांवर बसतात ते एकच धरायचे. शंका आली की कागदावर उतरवून, कापून, एकावर एक ठेवून बघायचं.

उत्तर आठ. ते आधी स्वतः काढून बघा, नाहीतर सहाव्या त्रिकोणावरच 'बस, झालं' म्हणून मोकळे व्हाल. आठांपैकी चार काटकोनी, दोन विशालकोनी, दोन लघुकोनी. बाजूंवरून बघितलं तर पाच समद्विभुज आणि तीन विषमभुज. एकच संच दोन नियमांनी दोनदा वेगळा करायला याहून चांगलं सामान मिळणार नाही. आणि समभुज एकही नाही. मुलं तो शोधत राहतात, एखादा 'दिसतो'सुद्धा. सुतळी लावली की तिसरी बाजू कमी-जास्त निघते. अशा चौकटीच्या ठिपक्यांवर, ठिपके कितीही वाढवले तरी, समभुज त्रिकोण बसतच नाही. हे मुलांना आधी सांगू नका. दोन दिवस शोधू द्या.

चौरसांसाठी चार बाय चार ठिपके घ्या. सरळ उभे चौरस १४ निघतात: लहान ९, मधले ४, मोठा १. इथे बहुतेक जण थांबतात. तिरपे आणखी ६ आहेत, एकूण २०. पहिल्या दिवशी ज्याने तिरप्या पुठ्ठ्याला शंकरपाळा म्हटलं होतं, त्याला हे सहा शोधायला द्या.

तपासायचं कसं

'या आकाराचं नाव लिहा' या प्रश्नातून काही कळत नाही. चौरस, आयत, शंकरपाळा आणि काटकोन त्रिकोण असे चार आकार ठेवा आणि विचारा, 'यातला कोणता वेगळा?' त्रिकोण वेगळा, कारण त्याला तीनच बाजू. शंकरपाळा वेगळा, कारण एकट्याला काटकोन नाही. चौरसही वेगळा ठरू शकतो: घडी घालून जुळणाऱ्या त्याच्या रेषा चार, आयत आणि शंकरपाळ्याच्या दोन-दोन. आयत वेगळा ठरवणारं कारण शोधायला सगळ्यांत जड जातं. आयताच्या कर्णावर घडी घातली तर दोन्ही भाग एकसारखे असूनही एकमेकांवर बसत नाहीत, हे बघून धक्का बसलेल्या मुलाला ते कधीकधी सापडतं: बाकी दोन्ही चौकोन कर्णावर दुमडले की जुळतात, हा एकटाच जुळत नाही.

उत्तर कोणतं दिलं याला गुण देऊ नका, कारणाला द्या. 'तसा दिसते म्हणून' असं कारण आलं, तर त्या मुलाला उद्या पुन्हा पुठ्ठ्यांची पिशवी द्यायची. या वेळी पिशवीत न बघता हात घालून, आकार चाचपून, नाव न घेता शेजाऱ्याला वर्णन सांगायचं, आणि शेजाऱ्याने पाटीवर तो काढायचा. बघायचीच सोय नसली की 'तसा दिसते' म्हणता येत नाही.